बारीक शिट्टी

चाचा,

मागच्या रविवारी आमच्या घरात गाण्याची एक नवीन डबी बसवली. तुम्हाला ती दाखवायला हवी होती असं दिवसभर वाटत राहिलं, म्हणून आज लिहायला बसले. डबी साबणाच्या वडीएवढी आहे. तिला कॅसेट लागत नाही, तबकडी लागत नाही, एरियल नाही. गाणी सगळी एका हार्ड डिस्कवर भरून ठेवलेली, ती हार्ड डिस्क कपाटात साड्यांच्या शेजारी, आणि घरातल्या वायफायवरून गाणी तिथून निघून या डबीत येतात. डबीतून वायर ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला. इथून पुढचं सगळं तुमच्या ओळखीचं. अशा दोन डब्या आहेत, एक पुढच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात, आणि मनात आणलं तर दोन्हीकडे एकच गाणं एकाच वेळी लागतं, अर्धा शब्दसुद्धा मागेपुढे होत नाही. डबीला बटण मात्र एकही नाही, सगळं फोनवरून. तुम्ही ती हातात घेऊन, उलटीसुलटी करून पहिलं काय विचारलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. "उघडायची कुठून?" खाली चार स्क्रू आहेत, चाचा. मीही आधी तेच पाहिलं.

डब्या मुलीनं आणल्या. ती पुण्याला कामाला असते, महिन्या-दीड महिन्यानं घरी येते. तिला तुम्ही पाहिलं आहे, दोन-तीन वर्षांची होईपर्यंत. त्याच्याही आधी ती पोटात असताना तुमच्या दुकानात रोज हजर असायची. सातवा महिना लागल्यावर मी स्टुलावर बसून पाठ दुखते म्हणून सारखी उठायला लागले, तेव्हा तुम्ही मला काही न बोलता स्टूल सुताराकडे पाठवलंत आणि त्याला पाठ लावून आणलीत. पाठ एका बाजूला जरा कललेली होती. मी बसले तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुतार बोलला, रेडिओवाल्याच्या दुकानात खुर्ची कशाला? मी बोललो, आमच्याकडं आता दोघं कामाला हायत." त्या वाक्यातले दोघं म्हणजे तुम्ही आणि मी, की मी आणि पोटातली ती, हे मी विचारलं नाही. अजूनही मला दोन्ही अर्थ आवडतात.

तुमच्याकडे मी आले ती सासूबाईंचा रेडिओ घेऊन. लग्न होऊन कडावहून कुंभिवलीला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. हे मोहोपाड्याला कारखान्यात, पाळीवर. घरात मी आणि सासूबाई, आणि त्यांचा तो रेडिओ, जो सकाळची भजनं आणि बातम्या सोडून बाकी दिवसभर कापडाखाली झाकलेला असायचा. एक दिवस तो मुका झाला. मी तो पिशवीत घालून हायवेवर आले. पंक्चरवाला आणि चहाचं हॉटेल यांच्यामध्ये तुमचं दुकान, पुढं दोन ट्रक उभे, आणि तुम्ही एका ट्रकातला टेप मांडीवर उताणा टाकून बसला होतात. तुम्ही रेडिओ उघडलात, त्यातली धूळ फुंकलीत, आणि मी विचारलं, हे काय? तुम्ही सांगितलंत. मग विचारलं, आणि हे? तेही सांगितलंत. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलंत. "बाय, बस. उभ्यानं शिकता येत नाय."

मी बसले. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "रेडिओ तर वाजतोय. मग तू कुठं जाती गं?" मी खरं सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तिथं ट्रकवाले येतात. सून काय करती म्हनून कोनी इचारलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, तुम्हीच येऊन बघा. मला वाटलं होतं त्या येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी लुगडं बदलून त्या माझ्याबरोबर निघाल्या. तुम्ही हातातलं काम ठेवून उठलात, त्यांना आत, तुमच्या राहत्या खोलीत, चाचींकडे बसायला सांगितलंत आणि म्हणालात, "आक्का, तुमची सून चोर हाय. माझी विद्या चोरायला बसली हाय." सासूबाईंनी तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या उघड्या टेपकडे पाहिलं. "चोरू दे मग," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चाचींनी चहा पुढं केला तर उपास आहे म्हणाल्या. चाचींना तो उपास कसला ते कळलं असणार, पण त्यांनी काही न दाखवता केळी आणून ठेवली, ती सासूबाईंनी खाल्ली. दोघी अळूवर बोलत बसल्या, कुठलं खाजतं आणि कुठलं नाही यावर. पुढच्या खेपेला सासूबाई आपण होऊन आल्या, परसातलं अळू घेऊन, आणि त्या दिवशी चहा प्यायल्या.

तुमची शिकवायची रीत एकच. सेट चालू करायचा, स्पीकरच्या कागदावर दोन बोटं हलकेच टेकवायची, डोळे मिटायचे आणि मला विचारायचं, "काय ऐकू येतं?" मी सुरुवातीला म्हणायचे, गाणं ऐकू येतं. तुम्ही मान हलवायचात. "गाणं गिऱ्हाईक ऐकतं. आपण गाण्याच्या मागचं ऐकायचं." मग हळूहळू मला मागचं ऐकू यायला लागलं. घरघर वेगळी, खरखर वेगळी. फाटका आवाज वेगळा आणि डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज वेगळा. घरघर म्हटली की तुम्ही कंडेन्सरकडे बोट दाखवायचात, खरखर म्हटली की व्हॉल्यूमच्या बटणाकडे. ट्रकवाले हसायचे. एक जण म्हणाला होता, उस्ताद, आता बाईच्या कानानं रिपेरिंग चालतं काय? तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "तिचा कान माझ्यापेक्षा ताजा हाय." मला वाटलं, माझं कौतुक केलंत.

मग ते प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या ट्रान्झिस्टरचं झालं. तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. सेट मी एकटीनं उघडून, जोडून, बंद केलेला. तुम्ही फक्त शेवटी बोटं टेकवून बसलात. डायलच्या वरच्या टोकाला काटा नेला की एक बारीक शिट्टी येत होती, सुईसारखी. मला ती स्पष्ट ऐकू येत होती. पण पाणी सुटायची वेळ झाली होती, हंडे रिकामे होते, आणि तो सेट परत उघडायचा म्हणजे अर्धा तास. तुम्ही विचारलंत, "काय ऐकू येतं?" मी म्हटलं, "साफ आहे." तुम्ही सेट कागदात गुंडाळलात आणि बाईंना दिलात.

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. रागावलेल्या नव्हत्या, नुसतं म्हणाल्या, शिट्टी वाजते हो, डोकं उठतं. तुम्ही त्यांच्यासमोर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "माझी चूक झाली बाई, संध्याकाळी घेऊन जा," म्हणालात. त्या गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "काल होती?"

"काल... नव्हती बहुतेक," मी म्हटलं.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणालात, "बाय, मला वरचा आवाज ऐकू येत नाय. बरीच वर्षं झाली. लग्नाकार्यात भोंगे लावायचो, भोंग्यापुढं उभं राहून राहून गेला. खालचा आवाज बोटाला कळतो, वरचा बोटाला पण कळत नाय. काल तू साफ बोललीस म्हणून मी सेट दिला. तू खोटं बोललीस तर मी कुणाला विचारू?"

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे समजायलाच मला थोडा वेळ लागला. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. डोळे मिटून बोटं टेकवणं. मला रोज, प्रत्येक सेटला, तोच प्रश्न. तुम्ही मला शिकवत होतात हेही खरं आणि तुम्हाला माझी गरज होती हेही खरं, आणि मी दोन्हीला फसवलं होतं. मी सेट उघडला, कॉइल फिरवली, काटा टोकाला नेला, परत फिरवली. तुम्ही बोटं टेकवून विचारलंत, "काय ऐकू येतं?" मी म्हटलं, "अजून थोडी हाय." तेव्हा तुम्ही हसलात. त्या संध्याकाळी आमच्या घरात हंडे रिकामेच राहिले आणि सासूबाई मला जे बोलायचं ते बोलल्या, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

हायवे रुंद झाला तेव्हा दुकान त्यात गेलं. तुम्ही आणि चाची लेकीकडे श्रीवर्धनला राहायला गेलात. जाताना हत्यारं माझ्या हवाली केलीत. पुढं आम्ही खालापूरला राहायला आलो आणि मी घराच्या पडवीत टेबल टाकलं. रेडिओ संपले, टेप संपले, मग टीव्ही, मग मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर. पाटीवर अजून रेडिओ लिहिलेलं आहे. वर्षातून दोन-चार येतात आणि ते आले की मी बाकीचं काम बाजूला ठेवते.

तर त्या रविवारची डबी. मुलीनं सकाळी लॅपटॉपवरून एका मेमरी कार्डात डबीचं सगळं ज्ञान भरलं, कार्ड खाचेत घातलं, दिवा लागला. आता फोनमध्ये डबी दिसायला पाहिजे, तर दिसेना. पुढच्या खोलीतली दिसली, स्वयंपाकघरातली नाही. मग स्वयंपाकघरातली दिसली आणि पुढची गेली. मुलगी वैतागली. तिनं दोनदा सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. मी भाजी चिरता चिरता बघत होते. मी विचारलं, "तुझा फोन कुठल्या वायफायवर आहे?" ती म्हणाली, घरातल्याच. पण आमच्याकडे घरातली दोन आहेत. भिंती जाड म्हणून ह्यांनी मागच्या बाजूला एक जास्तीचं यंत्र लावून घेतलं होतं, त्याचं नाव पहिल्यासारखंच, फक्त पुढं दोन लिहिलेलं. एक डबी एका जाळ्यात, दुसरी दुसऱ्यात, आणि फोन कधी इकडे कधी तिकडे. दोघं शेजारी असून वेगवेगळ्या स्टेशनवर बसलेले. मागचं यंत्र तिनं पुढच्याला नीट जोडून दिलं, नाव एकच केलं, आणि दोन्ही डब्या एकाखाली एक फोनवर आल्या. मुलगी म्हणाली, "आई, तुला हे कसं सुचलं?" मी म्हटलं, मी काही केलं नाही, विचारलं फक्त.

मग गाणं लावलं. सनई. पुढच्या खोलीतले स्पीकर मी स्वतः बांधलेले, ॲम्प्लिफायरही माझाच. हे झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला. मला वाटलं, छान झालं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, शिट्टी येतेय. बारीक. येतेय ना?"

मला काहीही ऐकू येत नव्हतं. सनई ऐकू येत होती, तीही आता विचार केला तर जरा झाकल्यासारखी. मी स्पीकरजवळ गेले, कागदावर दोन बोटं टेकवली, आणि म्हटलं, "हो, येतेय खरी." तिनं मागं वाकून काहीतरी केलं आणि विचारलं, "आणि आता?" मी म्हटलं, "आता गेली."

ती सरळ उभी राहिली. "आई, मी अजून काहीच केलेलं नाही."

चाचा, तीस वर्षांत मी खोटं बोलायला काही चांगली शिकले नाही. हे पेपरामागं गेले, त्यांना यात पडायचं नव्हतं; पण त्यांच्या गप्प बसण्यावरून मला कळलं की त्यांना आधीच शंका होती. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे मी हल्ली त्यांना विचारते. दारावरची नवीन बेल वाजली की तेच उठतात. कामाच्या नादात माझं लक्ष नसतं, असं मी म्हणत होते. दुकान चालवते मी. लोक माझ्याकडे मिक्सर आणतात आणि म्हणतात, ताई, कसला तरी आवाज येतोय, बघा. त्यांना काय सांगायचं? मी तिथंच खाली बसले आणि मुलीला म्हटलं, "मला नाही ऐकू आलं. वर्ष झालं असेल. वरचं ऐकू येत नाही."

तिनं डोळे मोठे केले नाहीत की डॉक्टरचं नाव काढलं नाही. ती माझ्या शेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "बरं. मग मी ऐकते, तू शोध." आणि आम्ही तसं केलं. मी विचारलं, गाणं बंद केल्यावर येते का? येते. आवाज कमीजास्त केला तर ती कमीजास्त होते का? नाही, तेवढीच राहते. डबीची वायर ॲम्प्लिफायरमधून काढली तर? गेली. म्हणजे शिट्टी डबीकडून येत होती आणि गाण्याशी तिचा काही संबंध नव्हता. मी डबीचा चार्जर पाहिला. फोनचा कुठला तरी जुना, हलका, नावगाव नसलेला. दुकानातून एक जड जातीचा काढून आणला, तो लावला, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "काय ऐकू येतं?"

तिनं स्पीकरला कान लावला. मी बोटं टेकवून बसले होते. बोटांना सनई लागत होती, फक्त सनई.

"साफ आहे," ती म्हणाली. आणि मग, "खरंच साफ आहे, आई."

दोनच दिवसांत मुलीनं मला कर्जतला नेऊन कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, हातात बटण देतात, ऐकू आलं की दाबायचं. मध्येमध्ये एवढी शांतता व्हायची की मला कळेना, ते थांबले आहेत की वाजवत आहेत आणि मला येत नाही. बाहेरची बाई काचेतून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मी अंदाज करायला लागले, मग मला माझीच लाज वाटली आणि मी डोळे मिटले. कागदावर रेघ आली ती बरंच अंतर सरळ जाते आणि मग घसरगुंडीसारखी खाली. कानाचं मशीन पुढच्या आठवड्यात येईल. दुकानात मी आता गिऱ्हाइकालाच विचारते, आवाज कसा आहे ते तुम्ही सांगा, जाड की बारीक, कधी येतो, कधी थांबतो. गंमत अशी की लोकांना हे आवडतं. मिक्सरबद्दल माणसं इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

एक राहिलं. शाळेच्या बाईंच्या सेटच्या दिवशी तुम्ही मला आणखी एक सांगितलं होतं, ते मी वर लिहिलं नाही. चष्मा परत घालताना तुम्ही म्हणालात, "चाचीला बोलू नको. ती घाबरेल, धंदा बंद कर म्हणेल." मी मान डोलावली. आणि चौथ्या दिवशी, चाचींना बोंबील साफ करायला मदत करताना, मी त्यांना सांगून टाकलं. का ते माहीत नाही, माझ्या एकटीच्यानं ते राखवेना. चाचींनी हातातला बोंबीलसुद्धा खाली ठेवला नाही. "मला ठाव हाय गं," त्या म्हणाल्या. "मोठी लेक झाली तवापासून. पाळण्यात रडली की ह्यांना कळायचं नाय. तू मात्र त्यांना सांगू नको मला ठाव हाय म्हणून. त्यांना वाटू दे." मी त्यांनाही शब्द दिला. मग इतकी वर्षं मी तुमच्या दोघांच्या मधे बसून दोघांचंही राखत होते, आणि तुम्ही दोघं माझ्यासमोर एकमेकांना जपत होतात.

तुम्ही गेलात, मग चाचीही गेल्या. तुमचा शब्द मी चार दिवससुद्धा पाळला नाही, हे कबूल करते. चाचींचा मात्र आजवर पाळला आहे. म्हणून हे पत्र पाठवायचं नाही.